रस्ता, नांगर आणि वन

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

प्रस्तावना

गावाला बारमाही रस्ता असणे ही ग्रामीण जीवनाची प्राथमिक गरज आहे. रस्ता असला म्हणजे कापूस वेळेवर बाजारात जातो, खत व बियाणे पेरणीपूर्वी घरी येते, मुले शाळेत पोहोचतात आणि आजाऱ्याला वेळीच दवाखाना मिळतो. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगराळ भागात, विशेषतः कोलामांच्या पोडांवर व बंजारा तांड्यांवर, या गरजेची तीव्रता फार आहे. नाल्याला पूर आला की ज्या वस्तीचा जगाशी संबंध तुटतो, त्या वस्तीला रस्त्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

परंतु ज्या वाटेने दवाखाना जवळ येतो, त्याच वाटेने वनाच्या आत कुऱ्हाड आणि नांगरही पोहोचतात. पाच-दहा वर्षांनी पाहावे तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे साग, ऐन, धावडा विरळ झालेले असतात, टेकडीच्या उतारावर पऱ्हाटी उभी असते आणि खालच्या नाल्यात मुरूम साचलेला असतो. हे कसे घडते, त्यात अखेर शेतकऱ्याचेच नुकसान का होते आणि रस्ताही व्हावा व वनही राहावे यासाठी गावाने कोणती पावले कोणत्या क्रमाने टाकावीत, याचा विचार या पाठात केला आहे.

जिल्ह्यातील वनांचे स्वरूप

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५०० चौरस किलोमीटर असून त्यापैकी साधारणतः एक पंचमांश भागावर आज वनाच्छादन आहे. हे वन उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग हा त्यातील प्रमुख वृक्ष होय. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू, चारोळी, बिबा, आवळा, बेहडा व पळस हे वृक्ष आढळतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील सदाहरित अरण्यात वर्षभर हिरवा छत्राकार आडोसा असतो. तसा तो येथे नसतो. उन्हाळ्यात येथील वृक्ष निष्पर्ण होतात व पानांचा थर जमिनीवर पसरतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर न पडता या थरावर पडतो, ही या वनाची शेतीला मिळणारी पहिली देणगी होय.

वर्धा व पैनगंगा या नद्यांनी वेढलेल्या या जिल्ह्यात खोऱ्यांतील सखल जमीन खोल व काळी आहे, तर टेकड्यांच्या माथ्यावर व उतारावर उथळ, मुरमाड अशी बरड जमीन आहे. भारी जमीन फार पूर्वीच लागवडीखाली आली. त्यामुळे आज उरलेले बहुतेक वन बरड जमिनीवर आहे. पुढील सर्व विवेचन समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे: आता जे वन तुटते, त्याखाली चांगली शेतजमीन क्वचितच निघते.

कापूस, रेल्वे आणि इजारा

वाहतुकीचे साधन आले की वन मागे हटते, हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. त्या काळी वणी या नावाने ओळखला जाणारा हा भाग विरळ वस्तीचा व वनाने व्यापलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. कापसाला भाव आणि भाव मिळवून देणारी वाहतूक ही दोन्ही एकाच वेळी हाताशी आली.

पडीक व ओसाड गावे लागवडीस आणण्यासाठी १८६५ चे नियम करण्यात आले व अशी गावे इजाऱ्याने देण्यात येऊ लागली. जिल्ह्यात ज्या अनेक गावांच्या नावापुढे आजही ‘इजारा’ हा शब्द लागतो, ती या इतिहासाची खूण आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. ‘शकुंतला’ या नावाने ती लोकांच्या परिचयाची झाली. ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच घातलेली होती. रुळांखालच्या स्लीपरांना आणि घरबांधणीला सागवान लागे, तर चुलींना जळाऊ लाकूड. अशा प्रकारे वन दोन्ही बाजूंनी कमी झाले: लाकूड म्हणून ते तोडले गेले आणि जमीन म्हणून ते नांगरले गेले.

मात्र त्या काळात नांगराखाली आलेली जमीन बहुतांशी खोल व काळी होती. तिने पिढ्यान्‌पिढ्या पीक दिले. म्हणूनच ‘वन मोडले की शेत मिळते’ हा समज लोकांच्या मनात रुजला. आज हा समज बरड जमिनीला लावला जात आहे आणि तेथेच चूक होते.

रस्त्यामुळे वन कसे कमी होते?

१९४३ मध्ये नागपूर येथे मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाच्या रस्त्यांची पहिली मोठी योजना आखली. शेतीप्रधान भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट भागात ५०० व डोंगरी आणि आदिवासी भागात २५० लोकवस्तीपर्यंतच्या वाड्या बारमाही रस्त्याने जोडण्याचे तिने ठरविले. शिवाय पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा क्रमांक ७) आणि कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड या मार्गाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हे रुंद झाले आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावरील गाडी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. ही कामे आवश्यकच होती. प्रश्न त्यांच्या परिणामांची आधी तयारी करण्याचा आहे.

येथे एक साधा हिशोब करून पाहावा. खेड्याला जोडणाऱ्या रस्त्याची भरावासह रुंदी साडेसात मीटर धरली, तर एक किलोमीटर रस्त्याला पाऊण हेक्टर जमीन लागते. म्हणजे रस्त्याने प्रत्यक्ष व्यापलेले वन अगदी थोडे असते. परंतु त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक किलोमीटरपर्यंत बैलगाडी वा ट्रॅक्टर सहज जाऊ शकतो असे मानले, तर दर किलोमीटरमागे २०० हेक्टर वन सहज पोहोचण्याजोगे होते. रस्ता पाऊण हेक्टर घेतो, पण दोनशे हेक्टरांचे दार उघडतो. वनाचा नाश या उघडलेल्या दाराने होतो. त्याचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात.

(१) *लाकडाला किंमत येते.* रस्ता नसताना डोक्यावरच्या मोळीपलीकडे लाकूड बाहेर जात नाही. रस्ता झाल्यावर तेच लाकूड वाहनाने जाते. प्रथम मोठा साग जातो, मग धावडा-ऐन आणि शेवटी जळणासाठी झुडपेही जातात.

(२) *जमिनीला किंमत येते.* पूर्वी टेकडीवरचा कापूस खाली आणण्याचा खर्च परवडत नसे. आता गाडी कड्यापर्यंत येते. त्यामुळे विरळ झालेल्या वनाच्या कडेला जबरानजोत सुरू होते. झाडाच्या बुंध्याची साल गोल काढून ते उभ्याने वाळविणे, उन्हाळ्यात पालापाचोळा पेटविणे व पावसाळ्यात त्यात वखर घालणे असा हा क्रम असतो.

(३) *एका वाटेच्या अनेक वाटा होतात.* नव्या शेतांना जाण्यासाठी पांदणी पडतात. प्रत्येक पांदण पुन्हा आतल्या वनाचे दार उघडते.

(४) *वनाचे तुकडे पडतात.* सलग वन एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांत विभागले जाते. तुकड्याच्या कडा सर्व बाजूंनी उघड्या असल्याने त्यांत वणवा, गुरे व कुऱ्हाड यांचा शिरकाव सोपा होतो. शिल्लक तुकडेही आतून पोकळ होत जातात.

हे केवळ विदर्भात घडते असे नाही. जगातील सर्वांत मोठे वर्षावन दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तेथील ब्राझील देशाने रोंडोनिया प्रांतातून जाणारा ३६४ क्रमांकाचा महामार्ग १९८४ पर्यंत डांबरी केला व दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांच्या वसाहती वसविल्या. मुख्य रस्त्याला काटकोनात आडवे रस्ते निघाले आणि त्यांच्या कडेने वन तोडले गेले. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत तो प्रदेश माशाच्या काट्यासारखा दिसतो. ॲमेझॉनमधील वनतोडीचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दाखवितो की, तोडलेल्या वनापैकी सुमारे ९५ टक्के वन रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत होते. त्याच अभ्यासात संरक्षित क्षेत्रांमुळे रस्त्यालगतची वनतोडही कमी राहिल्याचे आढळले. यवतमाळच्या टेकड्यांचे मान लहान असले, तरी नियम तोच आहे आणि उपायाची दिशाही तीच आहे.

बरड जमिनीचा हिशोब

वन मोडून केलेल्या शेतात पहिली दोन-तीन वर्षे पीक जोमदार येते. शेतकरी समजतो की जमीन कसदार आहे. वस्तुतः तो कस अनेक वर्षांच्या पालापाचोळ्याचा असतो. पाला पुन्हा पडत नाही, उन्हाने व मशागतीने सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजून जाते आणि उतारावरची सुटी झालेली माती पाण्याबरोबर निघून जाते.

यातील पाण्याचे गणित प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्याला समजावून सांगावे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच लाख लिटर पाणी होते. पालापाचोळा व मुळे असलेली जमीन यातील मोठा भाग मुरवून घेते. उघड्या उतारावर ते पाणी धावते आणि धावताना माती नेते.

मातीचा हिशोबही असाच आहे. एका हेक्टरवरून फक्त एक सेंटिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर १०० घनमीटर, म्हणजे वजनाने सुमारे १३० टन माती जाते. तीन टनांची एक ट्रॉली धरल्यास त्या चाळीसाहून अधिक ट्रॉल्या होतात. इतकी माती पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ज्या जमिनीची एकूण खोलीच वीत-दीडवीत आहे, तिला असे किती सेंटिमीटर गमावणे परवडेल, याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट पावसाच्या खंडाची. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवू शकते. वीस सेंटिमीटर खोल बरड जमिनीत हा साठा साधारणतः तीस मिलिमीटरच असतो. भर वाढीचे पीक दररोज चार ते पाच मिलिमीटर पाणी घेते. म्हणजे काळ्या जमिनीतील कपाशी महिनाभराचा खंड सोसते, तर बरडावरची कपाशी सहा-सात दिवसांतच माना टाकते. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस न येणे ही या जिल्ह्यात दुर्मीळ गोष्ट नाही. अशा जमिनीवर महागडे बियाणे, खत व फवारणी यांचा खर्च मात्र काळ्या जमिनीइतकाच होतो. पीक अर्धे आणि कर्ज पूर्ण, अशी त्या शेतकऱ्याची स्थिती होते.

कोलाम समाजात पूर्वी डोंगरउतारावरचा लहान तुकडा काही वर्षे पिकवून मग अनेक वर्षे मोकळा सोडण्याची पद्धत होती. वन विस्तीर्ण व वस्ती थोडी असल्यामुळे मोकळा सोडलेला तुकडा पुन्हा वनाखाली जाई. आज तोच तुकडा दरवर्षी बाजाराच्या पिकाखाली राहतो. त्याला विसावा मिळत नाही. दोष कोलामाच्या शेतीज्ञानाचा नाही. बाजाराने विसाव्याची वर्षे काढून घेतली, हे खरे कारण आहे.

उतारावरून गेलेली माती नाहीशी होत नाही. ती खालच्या शेतात मुरूम म्हणून पसरते व नाला आणि तलाव गाळाने भरते. वर पाणी मुरले नाही म्हणजे पायथ्याच्या विहिरी लवकर आटतात. याप्रमाणे टेकडीवर एकाने केलेल्या चार एकरांची किंमत पायथ्याचे दहा शेतकरी मोजतात.

वन्य प्राणी आणि शेतकरी

वनाचे तुकडे पडले म्हणजे वन्य प्राणी व शेती यांची सीमा लांब होते. रानडुकरे आणि रोही यांना तुकड्यात लपायला जागा व शेजारी चारा मिळतो. जागलीसाठी रात्र-रात्र मचाणावर बसणाऱ्या शेतकऱ्यास हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पांढरकवडा-राळेगाव भागाने याहून मोठी किंमत दिली आहे. शेते, रस्ते, पोडे व वनाचे तुकडे यांची सरमिसळ असलेल्या या भागात २०१६ ते २०१८ या काळात माणसांवर वाघाचे हल्ले झाले. तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध टी-१ या वाघिणीशी जोडला गेला. ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. शेतात व रानात कामाला जाणे त्या काळात जिवावरचे झाले होते. प्राण गमावलेल्यांच्या घरांना वाघीण मारल्याने माणूस परत मिळाला नाही आणि पोरके झालेले वनाचे तुकडेही जुळले नाहीत.

वाघाला किती सलग प्रदेश लागतो याचे उदाहरणही याच जिल्ह्यातील आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर चालला व बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याची वाट शेतांतून, नाल्यांच्या काठांनी आणि रस्ते ओलांडून गेली. नाल्याकाठची झाडी शाबूत असेल, तर असा प्राणी माणसाच्या दृष्टीस न पडता निघून जातो. ती झाडी तोडली, तर तो शेतात उभा राहतो.

रस्त्याची आखणी विचारपूर्वक केल्यास या प्रश्नावर उपाय निघतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या मनसर ते खवासा या पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या भागात प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ पूल व भुयारी मार्ग बांधण्यात आले. त्यांतून वाघांसह अनेक प्राणी ये-जा करीत असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. ग्रामीण रस्त्यावर एवढे मोठे बांधकाम होणार नाही. तथापि नाल्यावर अरुंद नळाऐवजी रुंद मोरी मागणे गावाच्या हाती आहे.

रस्त्याआधी गावाने काय करावे?

रस्त्याचे काम मंजूर झाले की गावात आनंद होतो. त्या वेळी पुढील कामे मनावर घेतली जात नाहीत. ती आधी करावीत, हाच या पाठाचा मुख्य आग्रह आहे. डांबर पडल्यावर सीमा ठरविणे फार कठीण जाते.

*पहिले काम: शिवारफेरी व नकाशा.* ग्रामसभेने शिवाराचा नकाशा घेऊन फेरी काढावी. भारी जमीन, मध्यम जमीन, बरड, वन, गायरान, नाले व झरे त्यावर दाखवावेत. उतार मोजण्याची सोपी रीत अशी: दहा मीटर लांबीची दोरी उताराच्या दिशेने समपातळीत ताणून धरावी व खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते तीस सेंटिमीटर भरले तर उतार तीन टक्के समजावा. उथळ व तीव्र उताराची जमीन गवत व झाडांसाठीच ठेवावी, असा ठराव करून ती सीमा सर्वांना दाखवावी.

*दुसरे काम: हक्कांची नोंद.* २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या वा ती कसणाऱ्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना, तसेच तीन पिढ्यांचा रहिवास सिद्ध करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींना, प्रत्यक्ष कसलेल्या जमिनीवर चार हेक्टरच्या मर्यादेत हक्क मिळू शकतो. जुन्या हक्कदारांचे दावे रेंगाळले, की नवी जबरानजोत जुन्यात मिसळते व खऱ्या हक्कदाराचेच नुकसान होते. म्हणून कार्यकर्त्यांनी जुने दावे पूर्ण करण्यास साहाय्य करावे. त्याचबरोबर सामूहिक वनहक्काचा दावाही करावा. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपले वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार प्राप्त होतो.

*तिसरे काम: आखणीबाबत मत देणे.* याच कायद्यात रस्ता, शाळा, दवाखाना यांसारख्या सोयींसाठी प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. दर हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत व ग्रामसभेची शिफारस लागते. याहून मोठ्या कामास १९८० च्या वन संवर्धन कायद्यान्वये मंजुरी घ्यावी लागते. २०२३ पासून हा कायदा वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम या नावाने ओळखला जातो. ग्रामसभेची शिफारस म्हणजे केवळ सहीचा कागद नव्हे. शक्य तेथे जुन्या गाडवाटेवरूनच रस्ता न्यावा, तो वनाच्या मधून न नेता कडेने न्यावा, मुरूम टेकडीच्या पोटातून काढू नये, या अटी शिफारशीतच लिहाव्यात.

*चौथे काम: पाण्याची वाट.* रस्त्याकडेच्या नालीत पाणी एकवटते व मोरीतून जोराने बाहेर पडते. ते पाणी कोणाच्या शेतात उतरणार आहे, हे काम चालू असतानाच पाहावे. मोरीच्या तोंडाशी दगडी पिचिंग व पुढे गवताची पन्हळ केल्यास घळ पडत नाही.

शेतात व टेकडीवर करावयाचे उपाय

जी बरड जमीन आज लागवडीखाली आहे, ती एकदम सोडून द्या असे लहान शेतकऱ्यास सांगणे न्याय्य नाही. तिची झीज थांबवून उत्पन्न स्थिर करणे शक्य आहे.

(अ) पेरणी, डवरणी इत्यादी सर्व कामे उताराला आडवी करावीत. धुऱ्यांवर खस लावावा किंवा गवत राखावे.

(आ) शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडाव्यात. त्यांत पाणी मुरते व खंडाच्या काळात पिकाला काही दिवस अधिक मिळतात.

(इ) अगदी उथळ तुकड्यावर निव्वळ कपाशी न घेता मूग, उडीद, ज्वारी व तूर अशी कमी खर्चाची पिके घ्यावीत. सर्वांत वरच्या पट्ट्यात सीताफळ, आवळा किंवा चाऱ्याचे गवत लावावे.

(ई) पऱ्हाटी शेतात जाळू नये. तिचे तुकडे करून जमिनीत मिसळावेत किंवा जळणासाठी वापरावी. जितके जळण शेतातून मिळेल, तितका वनावरील भार कमी होतो.

(उ) गायरानावर व झाडे नसलेल्या टेकडीवर माथ्यापासून पायथ्याकडे सलग समतल चर खणावेत व गुरांना चराईबंदी करावी. पुसदचे सुपुत्र व तत्कालीन मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या काळात १९९२ मध्ये राज्यात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. माथा ते पायथा हा कामाचा क्रम तेव्हापासून खेडोपाडी परिचित आहे.

शेतकऱ्यांच्या काही शंका

*शंका: ज्याला जमीनच नाही किंवा दोन एकर बरड आहे, त्याने वनाकडे पाहू नये, तर जगावे कसे?*

समाधान: वन उभे राहूनही उत्पन्न देते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, शिवाय चारोळी, डिंक, बिबा व आवळा ही पिके नांगराशिवाय येतात आणि त्यांना बियाण्याचे कर्ज लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टरवर असा हक्क मिळाला. ती जमीन उजाड होती. गावाने चराईबंदी, चर व वृक्षलागवड केली आणि तेथील सीताफळे आज बाजारात जातात. ही फळे ज्या रस्त्याने बाजारात जातात, तोच रस्ता दुसऱ्या गावात वन मोडतो. फरक रस्त्यात नसून गावाच्या तयारीत आहे.

*शंका: एका गावाने राखले आणि शेजारच्या गावाने तोडले, तर काय उपयोग?*

समाधान: पाणी व माती यांचा लाभ ज्या टेकडीच्या पायथ्याशी वन राखले, तेथेच प्रथम मिळतो. तथापि नाल्याकाठची झाडी व वणव्याचा बंदोबस्त यांसाठी शेजारच्या ग्रामसभांनी एकत्र बसणे जरूर आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील जी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तेथे ग्रामसभेला अधिक अधिकार आहेत. त्यांचा उपयोग करून घ्यावा.

*शंका: मग रस्ता मागूच नये काय?*

समाधान: अवश्य मागावा. पावसाळ्यात अडकून पडणाऱ्या वस्तीचा तो हक्कच आहे. फक्त रस्त्याचा अर्ज व वनसीमेचा ठराव ही दोन्ही एकाच ग्रामसभेत व्हावीत.

सारांश

१. रस्ता स्वतः थोडेच वन घेतो. त्याच्या मागून येणारा बाजार व नांगर अधिक वन घेतात.

२. जिल्ह्यातील उरलेले वन बहुतेक उथळ बरड जमिनीवर आहे. ते मोडून मिळणारे शेत दोन-तीन वर्षांत कस गमावते व पावसाच्या खंडात टिकत नाही.

३. माती, विहिरीचे पाणी व वन्य प्राण्यांपासूनची सुरक्षितता या तिन्हींचे नुकसान त्याच शिवारातील शेतकऱ्यास सोसावे लागते.

४. नकाशा, हक्कांची नोंद, आखणीच्या अटी व पाण्याची वाट ही चार कामे रस्त्याच्या कामापूर्वी करावीत.

५. वनोपज व बरड जमिनीवरील फळझाडे यांना रस्त्यामुळे बाजार मिळतो. वन राखणाऱ्या गावाला रस्ता लाभदायक ठरतो.

चर्चेसाठी प्रश्न (शेतकऱ्यांच्या बैठकीत घ्यावेत)

१. आपल्या शिवारातील कोणते वन गेल्या वीस वर्षांत शेत झाले? त्यापैकी किती जमीन आजही पूर्ण पीक देते?

२. टेकडीच्या पायथ्याच्या विहिरी पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत चालत व आता कोणत्या महिन्यात आटतात?

३. गावात येणाऱ्या किंवा प्रस्तावित रस्त्याचे पाणी कोणाच्या शेतात उतरते?

४. नाल्याकाठची झाडी कोठे तुटली आहे व ती पुन्हा जोडण्यासाठी कोणाची संमती लागेल?

या प्रश्नांची उत्तरे गावातील वडीलधाऱ्या मंडळींना तोंडपाठ असतात. ती ऐकून नकाशावर उतरविणे, हे कार्यकर्त्याचे पहिल्या दिवसाचे काम होय.